वीस मिनिटांचा अंधार

"ज्यातून काहीही दिसणार नाही, असं कापड आहे का तुमच्याकडे?"

योगराजने हातातली कात्री खाली ठेवली. पर्वत पाटियाच्या कापड मार्केटात, तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात तो सहा वर्षं नेट विकत होता. नेट म्हणजे जाळीचं कापड... साडीला, ओढणीला, नवरीच्या घागऱ्याला लागणारं. या सहा वर्षांत आलेल्या झाडून साऱ्या गिऱ्हाइकांचं मागणं एकच असायचं – अजून पातळ दाखवा, अजून झिरझिरीत दाखवा. उलटं मागणारी ही पहिलीच.

"आवो बेन, बेसो," तो सवयीने बोलून गेला आणि मग त्याने वर पाहिलं.

सुरतेत दुकानात आलेल्या बाईला बेनच म्हणतात, म्हणजे बहीण. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या दिवशी योगराजचं बिघडलं. समोर सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी उभी होती. अंबाड्यात पेन्सिल खोवलेली, सलवारीच्या काठाला वाळलेला चिखल, आणि डोळे दुकानातल्या शंभर रंगांकडे ढुंकूनही न बघता थेट त्याच्यावर थांबलेले. तोंडातून गेलेला तो ‘बेन’ परत गिळता आला असता तर फार बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पुन्हा हा शब्द हिच्यासाठी वापरायचा नाही, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"ही काळी नेट बघा. दुहेरी केली की..."

तिने कापड दुहेरी केलं, ट्यूबलाइटसमोर धरलं आणि त्यातून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही दिसताय."

"ते वाईट आहे का?"

"माझ्या कामासाठी वाईट आहे."

"चार पदरी करा."

"अजूनही दिसताय. हसताय."

योगराजने हसणं आवरलं. "झाकायचंय तरी कुणाला?"

"पानाला. भाताच्या पानाला. वीस मिनिटं, पूर्ण अंधारात."

गादीवर बसलेल्या शेठने चहाची बशी तोंडापाशीच धरून ठेवली. मुलीने कापडाची घडी घातली, कपाळावरची बट मागे सारली आणि स्वतःशीच पुटपुटली, "आते काय करू व माय..."

एवढं ऐकलं आणि योगराज गादीवरून उठलाच.

"तुम्ही खान्देशातल्या?"

"इथल्याच, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या," ती म्हणाली. "मूळचे आम्ही पारोळ्याचे."

"मी पण गोडादऱ्याचाच! आम्ही शिंदखेड्याचे. योगराज." मग दुकानात शेठ आहे, हे आठवून त्याने आवाज खाली आणला. "थांबा, खाली पडद्याचं कापड मिळतं. त्यातून सूर्यसुद्धा येत नाही. पण तिथे अख्ख्या ताग्याशिवाय देत नाहीत... तुम्हाला नाही देणार. मला देतील."

खालच्या दुकानातून तिला एक मीटर काळं कापड मिळालं. तिचं नाव हर्षदा, हे पिशवी हातात देताना कळलं. ती बारडोली रस्त्यावरच्या भात संशोधन फार्मवर पीएच.डी. करत होती. पानाला अंधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमट्या मोडल्या होत्या, नव्या मागवलेल्या अजून आल्या नव्हत्या, आणि तिला बोटभर लांबीच्या चोवीस काळ्या टोप्या शिवायच्या होत्या. शिवण येत नव्हतं.

"माझी आई शिवेल," योगराज म्हणाला. आईला विचारण्याआधीच म्हणाला, हे खरं.

घरी प्रमिलाबाई खाटेवर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत होत्या. ते जॉबवर्क त्या वीस वर्षं करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं.

"भातले टोप्या? तू माले येडी समजस का?"

"खरंच सांगतोय आई. संशोधन आहे."

"आनि पोर कोनी शे?"

"कोण पोर?"

प्रमिलाबाईंनी सुईदोऱ्याचा डबा जवळ ओढला. चोवीस टोप्या दोन दिवसांत झाल्या. प्रत्येकीला आतून दुहेरी अस्तर आणि टोकाला टिचबटण.

*

टोप्या रिक्षावाल्याकडे पाठवता आल्या असत्या. पण रविवारी मार्केट बंद असतं आणि योगराजकडे मोटरसायकल होती, तेव्हा तो स्वतःच निघाला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच साखर कारखान्याचा गोड-आंबूस वास, आणि मग फार्मचं फाटक. फाटकावर चिंधाबाबा, फार्मचे राखणदार, शेकोटीपाशी बसले होते. ‘हर्षदा’ म्हटल्याबरोबर त्यांनी हातानेच दिशा दाखवली.

बारा वाफे होते. उन्हाळी भाताची वीतभर रोपं, कोवळी हिरवी. हर्षदा दोन वाफ्यांमधल्या फळीवर उकिडवी बसली होती. तिने टोपी उलटी केली, अस्तर तपासलं, बटण लावून-काढून पाहिलं आणि मग इतकी मोकळी हसली, की आईला अजून चोवीस शिवायला सांगाव्यात असं योगराजच्या मनात आलं.

तिने टोप्या एकेक करून पानांवर चढवल्या आणि फोनवर वीस मिनिटं लावली. "आता बसायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच करायचं नाही. पानाला अंधारात विसावा हवा. मग या यंत्राची चिमटी टोपीच्या खालून आत सरकवायची आणि एक झोत टाकायचा. पान किती उजेड वापरू शकतं, ते आकड्यात कळतं. धडधाकट पान पॉइंट त्र्याऐंशीच्या आसपास सांगतं. दमलेलं पान पॉइंट सहा, पॉइंट पाच..."

"आणि अंधार न देता विचारलं तर?"

"तर खरं सांगत नाही."

योगराजने टोपी घातलेल्या त्या पानांकडे नव्या आदराने पाहिलं.

"पण दमतं कशाने?"

हर्षदाने हात पसरून वाफे दाखवले. "पान उजेड घेतं आणि त्यावर आपलं अन्न करतं, हे शाळेत शिकलो ना? थंडी पडली की अन्न करायचं काम हळू होतं. पण उजेड थोडाच हळू होतो? आपल्याकडे जानेवारीत आकाश कसं असतं... स्वच्छ. सूर्य वर आला की लख्ख ऊन. गारठलेल्या पानावर ते सगळं एकदम येऊन पडतं. पानाला नको म्हणता येत नाही, दार लावून घेता येत नाही."

योगराज विचारात पडला. "म्हणजे ट्रक दारात उभा आहे, माल उतरतोय... उतरतोय... आणि आत कारागिरांची बोटं थंडीने वळत नाहीयेत. गठ्ठे अंगावरच यायचे एखाद्याच्या!"

हर्षदा त्याच्याकडे बघतच राहिली.

"हे लिहायला मला चार पानं लागली होती," ती म्हणाली.

वीस मिनिटं कशी गेली ते कळलं नाही. म्हणजे योगराजला कळलं नाही. फोन वाजल्याबरोबर हर्षदा उठून कामाला लागली आणि मग तिला आजूबाजूला कुणी आहे याची शुद्धही राहिली नाही.

पुढच्या रविवारी तो परत गेला. टोप्यांची बटणं नीट बसतात का, ते पाहायला, असं त्याने सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी बहाणा सुचला नाही, तेव्हा तो पोंक घेऊन गेला... कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. त्याच्या पुढच्या रविवारी प्रमिलाबाईंनीच डबा भरून दिला – वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण त्या काय येड्या नव्हत्या.

टोप्या चढवायच्या, फोन लावायचा आणि बसायचं. एका सकाळी असे चार-पाच वेळा वीस-वीस मिनिटांचे अंधार पानांच्या वाट्याला येत आणि योगराजच्या वाट्याला तेवढाच उजेड. हर्षदा बोलायची. तिचे वडील राघो पॉवरलूमवर होते, मागांच्या खडखडाटाने त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलत. ती अभ्यास गच्चीवर करायची. सुरतेला आलेल्या त्यांच्या भावकीत एवढी शिकलेली मुलगी ती पहिलीच; वडील तिचं पीएच.डी. मागावरच्या सगळ्या सोबत्यांना ओरडूनच सांगायचे.

एकदा त्याने गंमत म्हणून एकोणिसाव्या मिनिटाला एक टोपी वर करून आत डोकावून पाहिलं. हर्षदाने शांतपणे फोन उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं लावली.

"एका मिनिटाने काय होतं?"

"मोजायचं असेल तर नीट मोजायचं. नाहीतर मोजायचंच नाही."

"एवढ्या कडक आहात तुम्ही?"

"चारित्र्याचा दाखला हवा असेल तर चिंधाबाबांना विचारा."

आणि एकदा... तिने बोटं गारठली म्हणून ओंजळीत फुंकर मारली, उन्हाची तिरीप तिच्या गालावर आली, आणि योगराजच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही फार छान दिसता."

झालं. हर्षदाचा चेहरा मिटला. तिने यंत्राचा सेल बदलला, तो आधीच नवा होता. वहीच्या पानावर रेघा आखल्या. तासभर ती त्याच्याशी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलली नाही. आपलं काय चुकलं, याचा विचार करत योगराज तीस किलोमीटर मोटरसायकल चालवत आला.

*

खरी अडचण वेगळीच होती. थंडी पडत नव्हती.

सुरतेची थंडी ती काय! स्वेटर कपाटातून काढेपर्यंत संपते. आणि हर्षदाला हवी होती दहा अंशांच्या खाली उतरलेली रात्र आणि तिच्यामागून येणारं लख्ख ऊन, लागोपाठ निदान तीन दिवस. मागचा हिवाळा कोरडाच गेला होता. तिची फेलोशिप मार्चअखेर संपत होती. या हिवाळ्यात आकडे मिळाले नाहीत तर प्रबंध अर्धाच राहणार, आणि फेलोशिपशिवाय आणखी एक वर्ष थांबणं घरच्यांना झेपणार नव्हतं. बारा वाफे त्यासाठीच होते. सगळे उघडे. थंडी खाणारे. पलीकडे प्लॅस्टिकच्या बोगद्यात थोडी रोपं रात्री ऊबदार ठेवलेली होती, तुलनेसाठी.

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, संध्याकाळी आख्खी सुरत गच्चीवर होती. योगराजच्या बोटात मांजा, खिशात चिक्की, आणि फोन वाजला.

"आली!" हर्षदाचा आवाज थरथरत होता. "आज रात्री नऊ डिग्री! तीन दिवस सांगितलेत हवामान खात्याने. माझी बिचारी रोपं... रात्रभर गारठणार आणि सकाळी त्यांच्यावर ऊन..."

"काळजी करू नका," योगराज म्हणाला.

"काळजी?" तिकडून फटाके वाजले, कुणीतरी ‘काट्यो!’ म्हणून ओरडलं, आणि फोन कटला.

ती आनंदाने थरथरत होती, हे ज्याच्या-त्याच्या लक्षात आलं असतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला समोरच्याच्या आवाजात नेहमी दुःखच आधी ऐकू येतं, आणि ते आपणच दूर करणार अशी त्याची खात्री असते. योगराज गच्चीवरून खाली उतरला. घरात नेटचे दोन तागे पडले होते, गुलाबी, लग्नाच्या ओढण्यांसाठी आलेले. टिकल्या वाकड्या लागल्या म्हणून व्यापाऱ्याने परत केलेले. प्रमिलाबाईंचं वीस वर्षांत पहिल्यांदा हुकलेलं काम.

"आई, हे तागे नेऊ?"

"काय करस त्यासनं?"

"भाताला पांघरूण."

"आधी टोप्या, आते पांघरून," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लगीन कवय शे त्या भातनं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तो फार्मवर पोचला तेव्हा चिंधाबाबा कानटोपीतून फक्त नाक बाहेर काढून बसले होते. दोघांनी मिळून बांबू रोवले आणि त्यांवर जाळी ताणली. सहा वाफे झाले आणि कापड संपलं. उरलेल्या सहांची योगराजने मनातल्या मनात माफी मागितली. मग सूर्य उसाच्या वर आला. सहा वाफ्यांवर गुलाबी मांडव झगमगू लागले, टिकल्यांचे ठिपके चिखलावर नाचू लागले, आणि योगराज आपल्या कामावर खूष होऊन मागे सरकून उभा राहिला.

हर्षदा आली. हातातली यंत्राची पेटी तिने खाली ठेवली नाही. ती हातातच राहिली.

"हे काय आहे?"

"काल तुम्ही म्हणालात ना, बिचारी रोपं..."

"मला ती गारठायलाच हवी होती!"

योगराजला समजेना. "पण... तुम्हीच सांगितलंत ना, हे ऊन त्यांना सोसत नाही. मग माहीत असून..."

"तेच तर मोजायचंय मला! न सोसणंच मोजायचंय! दोन वर्षं, योगराज... दोन वर्षं मी या एका सकाळची वाट बघत होते. आणि तुम्ही माझे अर्धे वाफे..." तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने पाठ फिरवली. "तुम्ही जा. प्लीज."

"काढून टाकतो. पाच मिनिटांत..."

"हात लावू नका कशाला! जा तुम्ही."

तो गेला. परतीच्या रस्त्यावर ऊन चांगलंच चढलं होतं, पण त्याची बोटं हॅन्डलवर गारठलेलीच राहिली. ज्याला आपण जीव लावतो त्याला कुणी मुद्दाम थंडीत ठेवतं का, हा प्रश्न काल रात्री त्याला पडला होता. तो तिला आधी विचारायला हवा होता, हे आता कळून काय उपयोग?

*

चार दिवस फोन आला नाही. त्याने केला नाही. ‘जा’ म्हटल्यावर जायचं असतं, एवढं त्याला समजत होतं. किती दिवस जायचं असतं, ते समजत नव्हतं. दुकानात तो गिऱ्हाइकाला लाल सांगितलं की निळं काढायचा. शेठने दोनदा विचारलं, "तबियत सारी छे ने?" प्रमिलाबाईंनी फक्त ताटात भाकरी एक जास्त वाढली. तिचं वर्ष आपण बुडवलं, हा विचार त्याच्या उशाशी येऊन बसायचा आणि हलायचा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तो गाठोडं बांधत होता.

"निम्मा उजेड जाईल, असं कापड आहे का तुमच्याकडे?"

त्याने मान वर केली. पेन्सिल अंबाड्यात होती. चिखल सलवारीला होता. डोळे मात्र या वेळी त्याच्यावर नव्हते, गादीच्या कोपऱ्यावर होते.

"निम्मा?" त्याने कसंबसं विचारलं.

"हो. पण पांढरं हवं. गुलाबीने उजेडाचा रंग बदलतो, माझ्या गाइड विजया मॅडम नक्की विचारतील. आणि टिकल्या नकोत. टिकल्यांखाली आकडे फार नाचतात."

"हर्षदा... तुमचे वाफे..."

ती गादीच्या काठावर टेकली आणि एका दमात बोलली. तो गेल्यावर ती जाळ्या उपटूनच टाकणार होती. पण दोन वर्षांची सवय. आधी मोजायचं, मग काय ते. तिने थर्मामीटर लावला. जाळीत आणि उघड्यावर फरक अर्ध्या डिग्रीचा. जाळीने थंडी अडतच नव्हती! अडला होता फक्त उजेड, निम्म्याने. मग तिने टोप्या चढवल्या, वीस मिनिटं बसली – "एकटी," असं तिने मध्येच म्हटलं – आणि आकडे घेतले. उघड्या वाफ्यात पॉइंट चोपन्न. जाळीखाली, तीच थंडी खाल्लेल्या पानात, पॉइंट सत्त्याहत्तर.

"म्हणजे?"

"म्हणजे नुसत्या थंडीने पान एवढं कोलमडत नाही, योगराज. थंडीत त्याच्यावर एकदम ऊन येतं, त्याने कोलमडतं. पुस्तकात हे होतं. पण आपल्या भातावर, आपल्या वाफ्यात, मी ते करून बघणारच नव्हते. विजया मॅडमनी आकडे पाहिले आणि पहिलं काय विचारलं सांगू? ‘ही गुलाबी कल्पना कुणाची?’"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. एका माणसाने न विचारता केलं, म्हणून. मॅडम म्हणाल्या, तीन दिवसांचे आकडे पुरे नाहीत. अठरा वाफे लाव, नीट आखून लाव, आणि त्या माणसाला या वेळी विचारून करायला सांग."

योगराज हसला. मग त्याला चार दिवस आठवले. "त्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला?"

"सकाळी दहा वाजता."

"मग फोन..."

"घेतला होता हातात." हर्षदाने गादीवरचा एक धागा बोटाला गुंडाळला. "रोज घ्यायचे."

त्याने तिच्यासमोर सात प्रकारची पांढरी नेट अंथरली. तिने पिशवीतून उजेड मोजायचं यंत्र काढलं आणि भर दुकानात ट्यूबलाइटखाली एकेक जाळी धरून मोजत बसली. शेठने या वेळी चहाची बशी खाली ठेवली आणि तिच्यासाठी दुसरी मागवली.

*

थंडी जानेवारी सरताना परत आली. चांगली चार दिवस राहिली. अठरा वाफे, नऊ उघडे आणि नऊ पांढऱ्या जाळीखाली, दोरी लावून आखलेले. योगराजने शेठकडे रजा मागितली आणि चारही दिवस बांबू धरले. चौथा दिवस रविवार होता. शेवटचा आकडा वहीत उतरला तेव्हा साडेदहा झाले होते. हर्षदाने वही मिटली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"झालं," ती म्हणाली. "मार्चच्या आत लिहून होईल."

"मग आता रविवारी टोप्या लागणार नाहीत."

"नाही."

फळीवर दोघांच्या मध्ये टोप्यांचा डबा होता. योगराज त्याच्याकडे बघत राहिला. बोलायचं ठरवून आला नव्हता. पण रविवारच संपत होते, आणि त्यानंतर कुठल्या बहाण्याने यायचं?

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "म्हणजे... पहिल्या दिवशीच. ‘बेन’ म्हणालो, त्याच्या पुढच्या क्षणी." मग त्याला तिचा त्या दिवशीचा मिटलेला चेहरा आठवला आणि त्याने घाईने पुढे जोडलं, "उत्तर नका देऊ. आत्ता नको. कधी द्यायचं तेव्हा द्या. मी बांबू धरून उभा आहे."

हर्षदाने वही मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, छान दिसता..." ती हळू म्हणाली. "मला राग नव्हता आला. मला ते घेताच येईना. आमच्या घरी असं कुणी बोलत नाही. चांगलं निघालं पोरीचं, एवढं म्हणतात आणि तेही ओरडून. तुम्ही एकदम बोललात. मला हवं होतं... पण घेता येईना."

अठरा वाफ्यांमध्ये बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने डब्यातून एक काळी टोपी काढली. त्याचा हात धरला, पहिल्यांदाच, आणि टोपी त्याच्या तर्जनीवर चढवून टिचबटण लावलं. फोनवर वीस मिनिटं लावली आणि फोन फळीवर ठेवला.

"हे काय?"

"मोजायचं असेल तर नीट मोजायचं. बोलायचं नाही. काढायची नाही."

तो बसला. टोपीतलं बोट मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा सरळ. जाळ्या वाऱ्यावर हलत होत्या. पाच मिनिटं गेली. हर्षदा वही उघडायची, मिटायची. चिंधाबाबा काठी टेकत आले आणि थांबले.

"बोटले काय व्हयनं रे भाऊ?"

योगराजने हर्षदाकडे पाहिलं. बोलायला मनाई होती.

"काही नही बाबा," हर्षदा म्हणाली. "रीडिंग चालू शे."

चिंधाबाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, "चालू द्या," म्हणाले आणि आले तसे गेले.

दहा मिनिटं. बारा. उजेड आता सगळीकडे सारखा पसरला होता, ऊबदार, कुणालाही सोसवेल असा. हर्षदाचा खांदा मघापेक्षा थोडा जवळ होता. कधी आला ते त्याला कळलं नव्हतं. चौदा. तिने वही बाजूला ठेवली. सोळा. योगराजने श्वाससुद्धा बेताने घेतला.

मग तिने हात पुढे केला, टिचबटण उघडलं आणि टोपी त्याच्या बोटावरून काढून घेतली.

"अहो, वेळ नाही झाली!" योगराज दचकून म्हणाला. "चार मिनिटं बाकी आहेत अजून!"

"माहितीय," हर्षदा म्हणाली. तिने ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि सोडलं नाही. "मला चार मिनिटं थांबवेना."

फोनवरचं घड्याळ आपलं चालूच राहिलं. चार मिनिटांनी ते वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं, आणि शेवटी पलीकडच्या वाफ्यावरून चिंधाबाबांनीच ओरडून सांगितलं, "पोरी, तुनं रीडिंग व्हयी गयं!"